गुणोत्तर वाढलं म्हणजे आतडं पाझरलं का?

शस्त्रक्रियेच्या ताणाचा आतड्यावर काय परिणाम होतो, यावर चार-पाच पेपर वाचले की एक साखळी पाठ होते: पोट उघडलं, आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढली, जंतू भिंत ओलांडून आत गेले, पेशंटला सेप्सिस झाला. ही साखळी इतकी सरळ वाटते की शंका घ्यावीशीच वाटत नाही. पण तिच्या प्रत्येक कडीचा पुरावा वेगळ्या ठिकाणाहून आलेला आहे. तो एकेक करून बघू.

पहिली कडी बऱ्यापैकी मजबूत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात के. ए. बालसुब्रमण्यन यांच्या गटाने उंदरांचं पोट उघडून, सर्जन हाताळतात तसं आतडं नुसतं हाताळलं. तेवढ्यानेही अस्तराच्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण आला. झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम आधीच ॲलोप्युरिनॉलने रोखलं, तर नुकसान कमी झालं. २००० साली छापलेलं हे काम मला आवडतं, कारण ते 'दोन गोष्टी सोबत दिसल्या' एवढ्यावर थांबत नाही, संशयित कारण अडवून बघतं. मर्यादा उघड आहे: हे उंदीर आहेत.

माणसात आपण अस्तर थेट बघत नाही. पेशंटला लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल पाजतो, पाच-सहा तासांची लघवी गोळा करतो आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतो. लॅक्ट्युलोजचा रेणू मोठा (३४२), मॅनिटॉलचा लहान (१८२). भिंत सैल झाली की मोठा रेणू जास्त आत जाईल, असा तर्क. पण गुणोत्तराला खालची बाजूही असते ना! शोषणाचा पृष्ठभाग कमी झाला तर मॅनिटॉल घटतं, आणि भिंत होती तशी असूनही गुणोत्तर वाढतं. म्हणून नुसतं गुणोत्तर देणारा तक्ता दिसला तर दोन्ही साखरांचे सुटे आकडे शोधा.

अजून एक मोठी अडचण आहे. रक्तपेढीत लाल पेशी टिकवायला एसएजीएम द्रावण वापरतात, त्यातला शेवटचा 'एम' म्हणजे मॅनिटॉल. रक्त चढवलं की ते आतड्याला वळसा घालून थेट लघवीत उतरतं आणि गुणोत्तर खाली ओढतं. म्हणजे ज्याचं ऑपरेशन मोठं, रक्तस्राव जास्त, नेमकं त्याचंच आतडं कागदावर ठणठणीत! रक्त कोणाला, कधी दिलं हे पद्धतीच्या भागात नसेल, तर त्या निष्कर्षावर विसंबू नका.

शेवटची कडी सगळ्यात कच्ची. ओ'बॉइल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'गट' या नियतकालिकात ४४८ शस्त्रक्रिया-पेशंटचा अभ्यास छापला. ६९ जणांत जंतू आतड्याबाहेर सापडले. त्यांच्यात सेप्सिस ४१ टक्के, इतरांत १४. फरक मोठा आहे, पण इथे मोजलं ते जंतूंचं स्थलांतर, पारगम्यता नव्हे. कनवर यांच्या गटाने २००० साली 'ॲनल्स ऑफ सर्जरी'त वरच्या पचनमार्गाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर आतड्याचा अडसर ढासळणं आणि सेप्सिस यांचा संबंध तपासला, तर तो जुळला नाही. तरीही अनेक प्रस्तावनांमध्ये हे दोन्ही पेपर एकाच वाक्याखाली, एकाच दाव्यासाठी जोडलेले असतात. संदर्भ उघडून वाचला नाही की असं होतं.

उद्या तुम्ही नागपुरात मेडिकल किंवा मेयोतल्या पेशंटवर असा अभ्यास आखलात, तर युरोपातल्या पेपरमधला 'नॉर्मल' आकडा उचलून लावू नका. उष्ण कटिबंधातल्या निरोगी लोकांची पारगम्यताही जास्त असू शकते, हे १९९९ मध्ये मेंझीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. प्रत्येक पेशंटचं ऑपरेशनच्या आधीचं मोजमाप घ्या, नंतरचं त्याच्याशीच ताडून बघा. नाहीतर आधीपासूनच असलेला पाझर तुम्ही सर्जनच्या नावावर लिहून मोकळे व्हाल.