हेडर-फूटर आणि न पाहणारा वाचक : ‘एफपीडीएफ’चे चिकित्सक परीक्षण

गुणपत्रके, पावत्या व अहवाल प्रोग्रामद्वारे थेट पीडीएफ स्वरूपात तयार करण्याची पद्धत आज रूढ झाली आहे. अशा दस्तऐवजाच्या प्रत्येक पानावर माथ्याशी संस्थेचे नाव (हेडर) आणि तळाशी पृष्ठक्रमांक (फूटर) अपेक्षित असतो. या दृष्टीने पीएचपी भाषेतील ‘एफपीडीएफ’ या मोफत क्लासचे परीक्षण येथे केले आहे.

‘एफपीडीएफ’ची रचना साधी व म्हणूनच प्रशंसनीय आहे. मूळ क्लासमध्ये ‘हेडर’ आणि ‘फूटर’ या मेथड रिकाम्या ठेवलेल्या आहेत. प्रोग्रामरने उपक्लास तयार करून त्यांत आपला मजकूर लिहावयाचा. प्रत्येक पानासाठी त्या आपोआप कार्यान्वित होतात. एकूण पृष्ठसंख्या मात्र अखेरचे पान पूर्ण होईपर्यंत ठाऊक नसते. म्हणून तिच्या जागी एक सांकेतिक खूण छापली जाते व दस्तऐवज बंद होताना तेथे खरी संख्या येते. ओळीची रुंदी खुणेवरून मोजली जात असल्याने मध्यभागी ठेवलेला मजकूर किंचित सरकतो. परंतु हा दोष क्षम्य मानता येईल.

गंभीर मर्यादा वेगळीच आहे. पीडीएफच्या पानास हेडर म्हणजे काय हे मुळात ठाऊक नसते. त्याच्या लेखी तोही इतर मजकुरासारखाच मजकूर. म्हणून ‘टॅग्ड पीडीएफ’मध्ये असा भाग ‘आर्टिफॅक्ट’ म्हणून वेगळा नोंदविण्याची सोय आहे व 2012 च्या ‘पीडीएफ/यूए’ मानकाने ती नोंद आवश्यक ठरविली आहे. ‘एफपीडीएफ’ अशी नोंद करीत नाही. परिणामी एखादे वाक्य पुढील पानावर गेल्यास स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला वाक्याच्या मधोमध पृष्ठक्रमांक आणि संस्थेचे नाव ऐकावे लागू शकते. डोळस वाचकाची नजर जे सहज टाळते, ते चाळीस पानी अहवालात त्याच्या कानी चाळीस वेळा पडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 ने सुगम स्वरूपातील माहितीची जबाबदारी शासनावर टाकली आहे. महाविद्यालयांनीही तिच्याकडे तांत्रिक तपशील म्हणून पाहणे योग्य नव्हे. ‘आयटेक्स्ट’सारख्या साधनांत आर्टिफॅक्टची सोय उपलब्ध आहे. एका पानाच्या पावतीसाठी ‘एफपीडीएफ’ पुरेसे आहे. विद्यार्थ्यांनी वाचावयाच्या दीर्घ दस्तऐवजासाठी मात्र ते अपुरे ठरते. हेडर पानाची शोभा वाढवितो हे खरे. परंतु तो वाचनाच्या आड येणार नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.