चालीत जबाब : विज्ञानाचे रॅप आणि सातारा-सांगलीची सवाल-जबाबाची परंपरा

२८ फेब्रुवारी २०१९. राष्ट्रीय विज्ञान दिन. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात विज्ञानगीतांची स्पर्धा होती आणि तिघा परीक्षकांत मी एक होतो. भौतिकशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य गेलेले, शिवाय शाहिरीवर अधूनमधून लिहिलेले. तेव्हा माझ्याइतका लायक परीक्षक सापडणे कठीण, अशी आयोजकांची आणि खरे सांगायचे तर माझीही समजूत होती. 'गली बॉय' लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यामुळे अठरा गाण्यांपैकी सात रॅप होते. टोपी उलटी, हात हवेत आणि तोंडात न्यूटनचे तीन नियम.

पहिला नंबर आम्ही सूर्यमालेच्या रॅपला दिला. आठही ग्रह ओळीने आले, अंतरे बिनचूक, यमके स्वच्छ. आटपाडी तालुक्यातून आलेला एक मुलगा मात्र चारच ओळी पुन्हा पुन्हा म्हणून खाली उतरला. त्या ओळी मला आजही पाठ आहेत :

पाणी उताराला धावतं, तुम्हीच शिकवलंत ना सर?
मग टेंभूचं पाणी चढतं कसं आटपाडीच्या माळावर?
घनमीटरला किती युनिट? हिशेब मांडा फळ्यावर,
बिल कुणाच्या डोक्यावर अन् ऊस कुणाच्या मळ्यावर?

गुणपत्रिकेत 'वैज्ञानिक आशय' या रकान्यात मी त्याला दहापैकी तीन दिले आणि शेऱ्यात लिहिले, 'माहिती अपुरी. विषय सोडून.' हा लेख त्या शेऱ्याची फेरतपासणी आहे.

विज्ञान आणि रॅप यांची जोडी जगात नवी नाही. अमेरिकेत एमसी फ्रंटलॉट या रॅपरने २००० साली 'नर्डकोअर' हा शब्द रूढ केला. नर्ड म्हणजे पुस्तकी किडा. वर्गात ज्याची टर उडवतात तो चष्मेवाला, संगणकात आणि कॉमिक्समध्ये बुडालेला मुलगा. ज्या शब्दाने हिणवले तोच छातीवर बिल्ल्यासारखा लावायचा, हा त्या संगीताचा पवित्रा. पुढे त्याच्या आसपास खास विज्ञानाचीही गाणी आली. २००८ मध्ये 'सर्न'मध्ये विज्ञानलेखनाचे काम करणाऱ्या केट मॅकअल्पाइनने तिथल्या महाकाय कणत्वरकावर रॅप रचला आणि भुयारात, हेल्मेट घातलेल्या मित्रमैत्रिणींना नाचवत तो चित्रित केला. लाखो लोकांनी तो पाहिला. डार्विनच्या जन्मद्विशताब्दीच्या वर्षी, २००९ मध्ये, बाबा ब्रिंकमन या कॅनडाच्या रॅपरने उत्क्रांतीवर पूर्ण प्रयोगच उभा केला. तो सुचवणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्क पॅलन यांनी त्यातला विज्ञानाचा भाग तपासूनही दिला.

ही दोन्ही कामे मी पुष्कळदा ऐकली आहेत. मॅकअल्पाइनचे गाणे प्रसन्न आहे, भौतिकीच्या दृष्टीने चोख आहे, वर्गात दाखवायला उत्तम. पण त्यात कुणालाच काही अडलेले नाही. ज्याला ठाऊक आहे तो सांगतो, ज्याला ठाऊक नाही तो ऐकतो. ब्रिंकमन एक पायरी पुढे जातो. शेकडो रॅपर गातात, श्रोते काहींना उचलतात, बाकीचे मागे पडतात, उरलेल्यांची नक्कल होते आणि नकलेत बदल होत जातात. निवडीचे हे तत्त्व तो रॅपच्याच धंद्याला लावून दाखवतो. इथे गाणे विज्ञानाची माहिती देत नाही, स्वतःच पुरावा होते. माझ्या मते विज्ञान-रॅपमधली ही सर्वांत मोलाची सूचना आहे.

नर्डकोअरचा मूळ पवित्रा मात्र आपल्याकडे जसाच्या तसा उतरत नाही. आमच्या भागात अभ्यासू पोराला 'स्कॉलर' म्हणतात. कट्ट्यावर ते चिडवणे असते, पण घरात तीच आशा असते. ज्ञानाचा अभिमान गाणारा अमेरिकन मुलगा बहुधा ज्ञान ज्याच्या घरात आधीपासून आहे असा असतो. त्याला नाकारले जाते ते वर्गातल्या टोळक्यात. इथली गोष्ट उलटी आहे. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, जोतीरावांचे मूळ गाव त्याच जिल्ह्यातले कटगुण. शिकणे आणि शिकवणे एवढ्यावरून शेणमारा सोसावा लागला त्या मुलखात 'मी हुशार आहे' असे गाणे आणि 'मला हे का सांगितले नाहीत?' असे गाणे यांत फार अंतर आहे. आटपाडीच्या मुलाचे गाणे दुसऱ्या जातीचे होते. मी ते पहिल्या जातीच्या मापाने मोजले.

आता आपल्या मातीतली गोष्ट. ज्यांना रॅपची जुगलबंदी ही परदेशी फॅशन वाटते त्यांनी कलगी-तुऱ्याचा सामना आठवावा. शक्ती श्रेष्ठ म्हणणारे कलगीवाले, शिव श्रेष्ठ म्हणणारे तुरेवाले. डफ, तुणतुणे, झांज आणि रात्रभर चालणारे सवाल-जबाब. त्यातली भेदिक शाहिरी म्हणजे ज्ञानाची कुस्तीच. 'भेद' म्हणजे आतले गुपित. एका फडाने लावणीत कूट घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीत उकलायचे आणि वर आपले कूट टाकायचे. उत्तर माहीत असून चालीत बसले नाही तरी ते धरत नसत. हरला त्याने डफ खाली ठेवायचा, अशी जुनी रीत सांगतात. दिवसभर शेतात राबणारी माणसे रात्री पिंड-ब्रह्मांडाची कोडी सोडवायला पहाटेपर्यंत बसत. नर्ड संस्कृती याहून वेगळी काय असते?

भेदिकातला एक आवडता सवाल श्वासांचा. दिवसरात्रीत माणूस श्वास किती घेतो? ठरलेला जबाब : एकवीस हजार सहाशे. मी एकदा सहज भागाकार केला. २१,६०० भागिले २४ म्हणजे ताशी ९००, मिनिटाला १५. निरोगी, स्वस्थ बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात, असे वैद्यकाचे पुस्तक सांगते. म्हणजे शाहिराचा आकडा बसतो! पण हा आनंद फार ताणू नये. शाहीर हा आकडा मोजून सांगत नव्हता, पोथीतून सांगत होता. कुणी उठून 'थांबा, बोट नाकाखाली धरतो, मोजून बघू' म्हटले असते तर सामना तिथेच मोडला असता. भेदिकाचा सवाल जिवंत होता, पण त्याचा निवाडा पोथीकडे होता. परंपरेचे गोडवे गाताना हे लपवू नये.

तो निवाडा पोथीकडून काढून घेण्याचे काम याच पट्ट्यात झाले, आणि तेही गाऊनच. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा. १९२० च्या आगेमागे सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत होते. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. जलशाने तमाशाचा साचा ठेवला आणि आतला माल बदलला : मुहूर्त, पुरोहित, सावकार, शाळा. पुढे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी गणातला गणपती काढून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन ठेवले. रचनेच्या दृष्टीने ही मोठी चलाखी आहे. प्रेक्षकाचा कान ज्या जागी देवाची अपेक्षा करतो त्याच जागी दुसरे काही ठेवायचे. साचा ओळखीचा असल्यामुळे बदल जास्त ऐकू येतो.

(एक योगायोग नोंदवतो, त्यातून काही सिद्ध करायचे नाही. हिप हॉपचा जन्म ज्या मेजवानीपासून मोजतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. डीजे कूल हर्कच्या बहिणीने ती भरवली होती, आणि हेतू होता शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे जमवणे. सत्यशोधक समाजानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.)

मग साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांचे वैद्यकाचे शिक्षण मिरजेला झाले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीचे चमत्कार-प्रयोग ज्यांनी चावडीसमोर पाहिले असतील त्यांना माझा मुद्दा लगेच कळेल. कार्यकर्ता जळता कापूर जिभेवर ठेवतो, हातातून अंगारा काढतो. टाळ्या पडतात. मग तो म्हणतो, यात चमत्कार नाही. कसे केले ते सांगतो, तुम्हीही करून बघा. भेदिकात नसलेला तुकडा तो हाच. निवाडा पोथीचा नाही, तुमच्या डोळ्यांचा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्ये बसवली. रंगमंच नाही, मध्ये जागा आणि भोवती माणसे. रॅपची जुगलबंदीही अशाच वर्तुळात होते.

हे सगळे समोर ठेवून आमची पहिल्या नंबरची सूर्यमाला ऐकली की काय दिसते? ती पोथीच आहे. फक्त पोथीला आता पाठ्यपुस्तक म्हणतात. बुध सूर्यापासून किती दूर, हे गाणाऱ्याने मोजलेले नव्हते, ऐकणाऱ्याने मोजायचे नव्हते, आणि आकडा चुकला असता तर फक्त परीक्षकाला कळले असते. भेदिकात निदान समोरचा फड तरी होता. आम्ही सवाल काढून टाकला, जबाब तेवढे ठेवले आणि त्याला विज्ञानगीत म्हटले. 'वैज्ञानिक आशय' या रकान्यात मी मोजले ते पाठांतर.

भाषेचीही एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. रॅपला लहान, ठोक्यावर आपटणारे शब्द लागतात. आपली विज्ञानाची परिभाषा समित्यांत घडली. 'विद्युतचुंबकीय प्रारण' म्हणेपर्यंत ढोलाचे चार ठोके निघून जातात. पण याच दोन जिल्ह्यांत परिभाषेचा दुसरा साठा आहे : मोटर, स्टार्टर, फेज, डीपी, फुटवॉल, हेड. किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर आणि पुढे पंप बनले. १९२० मध्ये त्याच कारखान्यातून निघालेल्या मासिकाने यंत्र आणि विवेक यांची गोडी मराठी घरांत नेली. त्या मासिकाची भाषा सुशिक्षितांची राहिली. विहिरीवरच्या माणसाने मात्र यंत्राचे शब्द चावून चावून आपले केले. 'फेज गेला' या दोन शब्दांत जेवढी वीज आहे तेवढी आमच्या स्पर्धेतल्या एकाही गाण्यात नव्हती. आटपाडीच्या मुलाने 'युनिट' हा शब्द वापरला, 'ऊर्जा' नव्हे. तेव्हा मला तो गावंढळपणा वाटला होता. युनिट हे मोजायचे माप आहे आणि ते घरोघरच्या बिलावर छापलेले असते, हे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले नाही.

आजच्या मराठी रॅपमध्ये हा साठा वापरात येतो आहे. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडीचा ठसका लपवत नाही. मुंबईच्या 'स्वदेसी'ने २०१९ मध्ये आरे जंगलातल्या आदिवासींच्या बाजूने 'द वारली रिव्होल्ट' केले, त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याला कुणी विज्ञान-रॅप म्हणत नाही, मी म्हणेन. झाड, बिबट्या आणि मेट्रोचे कारशेड यांचा हिशेब मांडायला सांगणारे गाणे माझ्या मते सूर्यमालेच्या यादीपेक्षा विज्ञानाच्या जवळ आहे. न्यूयॉर्कच्या दहा सरकारी शाळांत २०१३ मध्ये ख्रिस्तोफर एमडिन आणि वू-टँग क्लॅनचा जीझेडए यांनी मुलांच्या विज्ञान-रॅपच्या जुगलबंद्या लावल्या, तो प्रयोगही मला आवडतो. तरी तिथेही बक्षीस मिळत होते धडा नीट बांधणाऱ्याला. धड्याला उलटा सवाल करणाऱ्याचे काय, हा माझा प्रश्न उरतोच.

आता त्या चार ओळींचा हिशेब. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. ते १०० मीटर उचलायला ९८१ किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट. पंप आणि मोटर यांची गळती धरली की आणखी. पाणी उताराला धावते हे खोटे नाही. चढावर नेताना कुणीतरी कुठेतरी दुसरे पाणी किंवा कोळसा उतारावर सोडलेला असतो. हे पाणी निघते ते टेंभू गाव कऱ्हाड तालुक्यात कृष्णेकाठी आहे. १८५६ मध्ये तिथेच गोपाळ गणेश आगरकर जन्मले. पटेल तेच मानायचे, असे सांगणाऱ्याच्या गावचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत दुष्काळी माळावर जाते आणि तिथला एक पोरगा विचारतो, कसे? यापेक्षा चांगला गण मला सुचत नाही.

तो मुलगा दोन वर्षांपूर्वी विट्याला भेटला. मोटारी रिवाइंड करण्याच्या दुकानात बसतो. मी शेऱ्याची गोष्ट काढली, चूक कबूल केली, आणि खिशातल्या कागदावर ०.२७ चा हिशेब करून दाखवला. त्याने तो नीट वाचला, गळतीचा आकडा मी कमी धरला आहे, जुन्या मोटारी एवढ्या चांगल्या नसतात, म्हणून दुरुस्तही केला. मग हसून म्हणाला, "सर, हे गद्यात झालं. सवाल चालीत घातलाय."

तेव्हापासून प्रयत्न चालू आहे. 'सर'चा जबाब जमला, 'माळावर'चा जमला, 'फळ्यावर'चा तर माझ्या रोजच्या कामाचाच होता. चौथी ओळ अजून अडली आहे.