न ऐकणारा गुरू

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून एखादी सतार वा दिलरुबा खोळीत घालून भिंतीशी उभा ठेवलेला असे. आमच्या घरी आत्याची सतार होती, मिरजेची. आत्या लग्नापूर्वी, १९५० नंतरच्या काही वर्षांत, येथील संगीत महाविद्यालयात शिकत असे. पुढे संसारात सतार मागे पडली, पण वही मात्र तिने जपून ठेवली. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर मी ती सतार दुरुस्त करून घेतली आणि यूट्यूबवरील धड्यांवरून शिकू लागलो. त्याला आता चौदा महिने झाले. येथे परीक्षण करावयाचे आहे ते त्या धड्यांचे, माझ्या वादनाचे नव्हे. ते करण्यास घरातील मंडळी समर्थ आहेत.

गुरुमुखातून आलेली विद्या तीच खरी, असे म्हणून हा विषय सहज निकालात काढता येईल. परंतु तसे म्हणण्याचा अधिकार निदान बडोदेकरांना नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली येथे गायनशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष हे स्वतः बीनकार. त्यांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली व ती छापील पुस्तकांतून शिकविली. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही येथेच, आणि तिच्यामागे उभे असलेले भातखंडे पुढे ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून घरोघर पोहोचले. कागदावरून गाणे येत नसते, हा आक्षेप आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आहे. तरीही पुस्तकाने संगीताचे वाटोळे झाले नाही, कारण वर्गात पुस्तकाशेजारी मास्तर बसलेला होता.

या धड्यांची जमेची बाजू मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मिजराब बोटात कोठवर चढवावी, ‘दा’ आणि ‘रा’ यांत मनगट कसे वळते, हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिता येत नाही. येथे ते डोळ्यांना दिसते. मसीतखानी गत सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेपासून का उचलतात, हे मला एका तरुण शिक्षकाने अवघ्या दहा मिनिटांत समजावले. एकच तुकडा पन्नास वेळा पाहिला तरी कोणी कपाळाला आठी घालीत नाही. गती अर्ध्यावर आणली तरी सूर खाली येत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरला हे साधले नसते. साठी उलटलेल्या विद्यार्थ्याला चारचौघांत चुकण्याचा संकोच असतो, तोही येथे उरत नाही.

नेमका येथेच घोटाळा आहे. आमच्या सतारीची तबली जुनी. तिच्यावर ताण नको म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने षड्ज खाली, पांढरी एकवर ठेवण्यास सांगितले होते. धड्यातील सतार त्याहून चढी लावलेली. दोन्ही एकाच वेळी वाजविली की कानांना असह्य होई. तेव्हा मी सोपा मार्ग काढला: धड्याचा आवाज बंद करून केवळ हात पाहू लागलो. यमनमध्ये रिषभाच्या पडद्यावरून तार ओढून गंधार काढावयाचा होता. पडद्यावरील बोट तार जेवढी सरकवी तेवढीच मीही सरकवी. सुमारे दोन महिने हा उद्योग निष्ठेने चालला. एके दिवशी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, तुमचा गंधार रोज चढतोय. कानांनी वाजवा की जरा!” कारण उघड होते. माझी तार सैल; तेवढ्याच ओढीने तिचा सूर अधिक वर जाणार. मींड अंतर मोजून घ्यावयाची नसते, एवढे समजण्यास मला दोन महिने लागले, कारण शिकविणाऱ्याला मी ऐकूच येत नव्हतो.

आयुष्य सरकारी कचेरीत गेले म्हणून त्याच भाषेत सांगतो. चित्रफितीतील धडा हे परिपत्रक आहे. ते सर्वांना सारखेच जाते आणि उत्तराची वाट पाहत नाही. गुरूचे शिकविणे म्हणजे त्या त्या फायलीवरचा शेरा. आत्याच्या वहीत असे शेरे आहेत, पेन्सिलीने, तारखांसह: ‘घाई’, ‘पुन्हा’, ‘मधले बोट’. एका गतीखाली सलग पाच आठवडे ‘पुन्हा’ आहे. इकडे यूट्यूबवर धडा संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. चौदा महिन्यांत माझ्यासमोरून किती गती सरकल्या याची मोजदाद नाही. हातात दीड आहे.

आणखी एक उणीव यंत्राची. सतारीचा प्राण जवारीत आणि तरबांच्या गुंजनात. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, तरबांची नुसती किणकिण उरते. ज्याने प्रत्यक्ष सतार कधी ऐकली नाही, त्याच्या कानांत हाच नाद सतारीचा म्हणून ठसणार. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण त्या भोपळ्यातून निघणारे गुंजन ऐकण्यासाठी त्याच खोलीत बसावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक शिक्षक समोरासमोरच्या ऑनलाइन शिकवणीकडे वळले. ती प्रथा मला या ध्वनिचित्रित धड्यांहून श्रेयस्कर वाटते. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरुशिष्यांना एकत्र वाजविता येत नाही. शिवाय अखंड चाललेला तंबोरा म्हणजे आसपासचा गोंगाट अशी समजूत करून घेऊन यंत्र तो पुसून टाकते. झूमवर मूळ आवाज राखण्याची सोय आहे, ती आधी शोधून ठेवावी. पण पलीकडे एक कान असतो. “थांबा, पुन्हा वाजवा” असे तो म्हणू शकतो.

मी धडे सोडलेले नाहीत. मात्र आता धडा आवाजासह पाहतो, मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून तंबोऱ्यावर बसतो. पत्नी भाजी निवडीत दाराशी असते. झाल्याचा धडा केव्हाचा वाट पाहत आहे. गंधाराला तिची संमती मिळेपर्यंत तो उघडणार नाही.