जुने कान, नवी गाणी

मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीजचे नाव अजून एका आवाराला चिकटून राहिले आहे. आज तेथे लहान कारखान्यांचे गाळे आहेत आणि यंत्रांच्या खडखडाटात गाणे आठवावे असे काहीच नाही. परंतु 1934 साली हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी उभारलेला स्टुडिओ तो हाच. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस लता मंगेशकर नावाची एक सडपातळ मुलगी लोकलने मालाडला उतरे आणि टांग्यात बसून या स्टुडिओत गायला येई.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ही हकिकत घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. ती सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की जणू टांगा त्यांनीच हाकला होता! तशी त्यांची गाठ पडली ती रेडिओवर. 1952 च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा सारा देश रेडिओ सिलोन ऐकू लागला. त्या श्रोत्यांत अण्णाही एक, चड्डीतले.

असा हा निष्ठावंत माणूस 1997 साली 'दिल तो पागल है'ची गाणी घरोघर वाजू लागली, तेव्हा ती लागताच उठून रेडिओ बंद करी. "आता बाईंनी थांबावे," एवढेच म्हणे. मी तेव्हा शाळा नुकतीच संपवलेला मुलगा. मला ती गाणी फार आवडत. त्यावरून आमची भांडणे होत, आणि ती सगळीच काही गमतीची नसत.

वाचकहो, अण्णा एकटे नाहीत. ज्यांनी एखाद्या कलावंतावर आयुष्यभर जीव टाकला, तेच त्याच्या नव्या कामावर सर्वांत कठोर तुटून पडतात. विलायतेतले रोलिंग स्टोन्स हे रॉक वाद्यवृंदाचे लोक 1962 पासून वाजवीत आहेत. 2023 साली, मिक जॅगर ऐंशीचा झाला त्या वर्षी, त्यांनी नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. अशा मुद्रिकेचे माप साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यांनी घेणारे जुने भक्त तिकडेही आहेत. परक्या श्रोत्याला नवे गाणे आवडले नाही तर तो दुसरे लावतो. भक्ताला मात्र आपली फसवणूक झाली असे वाटते.

याचे नेहमीचे उत्तर असे, की माणूस गाण्यात आपले तारुण्य शोधतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कारण अण्णांच्या तक्रारीत तथ्यही होते. 'महल'मधील त्या गूढ गाण्यात आवाज लांबून येतो असे वाटावे, म्हणून लताबाई दूर उभ्या राहून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. नायिकेचे 'कामिनी' हे नाव होते. नावावाचून केवळ आवाजाने लोकांना वेडे केले. तोच गळा अडुसष्टाव्या वर्षी तार सप्तकात बारीक होई, ताणला जाई. पडद्यावर तिशीची माधुरी दीक्षित आणि मागे हा आवाज, यातले अंतर अण्णांच्या कानाला टोचले, तर त्यात कानाचा दोष नाही.

मग दोष कोणाचा? मला वाटते, येथे अण्णा आणि चित्रपटवाले एकाच बाजूला उभे आहेत. निर्मात्याला तरुण नायिकेसाठी 'ती'च लता हवी होती, कारण श्रोत्याला 'ती'च लता हवी होती. आपण मागितले म्हणून त्यांनी दिले. दिले तेव्हा आपण म्हटले, हे पूर्वीसारखे नाही. म्हातारे होण्याची मुभा त्या बाईंना दोघांनीही दिली नाही.

बालगंधर्वांचे याहून वाईट झाले. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथ झाले, तेव्हा शालू नेसलेल्या नारायणरावांवर प्राण ओवाळणाऱ्यांना पुरुषवेषातले नारायणराव पटेनात. पुढे 1937 साली त्यांनी 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीभूमिका केली. पण रंगभूमीच्या दिव्यांनी झाकलेले वय कॅमेऱ्याने झाकले नाही. तोही चित्रपट चालला नाही. बदलले तरी अपराध, न बदलले तरी अपराध!

कलावंताला त्याच्या वयाचे काम दिले तर काय होते, त्याचा दाखला 2006 सालच्या 'रंग दे बसंती'त आहे. ए. आर. रहमान यांनी शहात्तर वर्षांच्या लताबाईंना तेथे आईचे गाणे दिले. मुलगा गेला आहे, आई त्याला लपंडावातल्या गड्यासारखी हाक मारते आहे. आवाजातला थकवा, किंचित कंप, श्वासाची उणीव हे सारे तेथे त्या आईचे होऊन जाते. विशीतल्या लताबाईंना हे गाणे असे गाता आले नसते. म्हणजे 1997 सालीही गळा निकामी झाला नव्हता. त्याला भूमिका चुकीची दिली जात होती.

म्हणून जुन्या रसिकांना माझे सांगणे आहे की तक्रार अवश्य करा, पण 'पूर्वीसारखे नाही' ही तक्रार करू नका. पूर्वीसारखे काहीच नसते. आपले कानही नसतात. या वयाला हे गाणे शोभते का, एवढे विचारा. टीका तेथून सुरू होते. त्याच्या अलीकडे आहे तो नुसता रुसवा.

मी ही शहाणपणाची भाषा करतो खरा, परंतु अण्णांना ती कधी ऐकवली नाही. 6 फेब्रुवारी 2022 रोजी लताबाई गेल्या. अण्णा दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसून होते. एकामागून एक जुनी गाणी लागली, आणि मग 'दिल तो पागल है'मधले लागले. मी सवयीने आवाज बंद करायला उठलो. त्यांनी हातानेच मला थांबवले.

गाणे संपेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही. ते पूर्वीसारखे नव्हते, हे त्या दिवशीही खरे होते.