श्रोडिंगरचा कोड आणि राहून गेलेलं वीजबिल

काही पुस्तकं वाचली कमी जातात आणि वापरली जास्त जातात. एर्विन श्रोडिंगरचं 'व्हॉट इज लाइफ?' हे त्यातलंच एक. १९४३ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दिलेली व्याख्यानं १९४४ साली या छोटेखानी पुस्तकात आली. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स या तिघांनीही त्याचं ऋण मानलं आहे. आज आपण 'हे आमच्या कंपनीच्या डीएनएतच आहे' असं सहज म्हणतो, त्या बोलण्याचं एक मूळ इथे सापडतं. आनुवंशिकतेसाठी 'कोड' हा शब्द रुजवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

मी दिवसभर कोडच लिहितो, त्यामुळे या शब्दाकडे जरा संशयाने बघतो. माझं म्हणणं असं, की जीवन म्हणजे काय या प्रश्नाला या पुस्तकात दोन उत्तरं आहेत. आपण त्यातलं एकच उचललं. आणि याला काही अंशी पुस्तकच जबाबदार आहे.

पहिलं उत्तर स्फटिकाचं. मिठाच्या स्फटिकात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, भिंतीवरच्या वॉलपेपरसारखी. जनुक म्हणजे अशी पुनरावृत्ती नसलेला, 'अनियतकालिक' स्फटिक. (आपल्याकडे या शब्दाने साठच्या दशकातली लिटल मॅगझिन्स आठवतात. नियम मोडूनच काही सांगता येतं, हा मुद्दा तिथेही होताच.) मोर्सच्या टिंब-रेषांप्रमाणे मोजक्या खुणांच्या मांडणीत अख्ख्या सजीवाचा मजकूर मावू शकतो, असं तो म्हणतो. जनुक बहुधा प्रथिनाचं असावं हा त्याचा समज चुकला. त्याच वर्षी एव्हरी आणि सहकाऱ्यांनी डीएनएकडे बोट दाखवलं. पण मूळ अंदाज बसला. चार अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द. त्यातले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन पूर्णविरामासाठी.

दुसरं उत्तर सहाव्या प्रकरणात आहे. सगळं जग विस्कटण्याकडे चाललेलं असताना सजीव शाबूत कसा राहतो? तो बाहेरून सुव्यवस्था खात राहतो, म्हणून. श्रोडिंगरने याला 'ऋण एन्ट्रॉपी' म्हटलं. त्यावर भौतिकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, तेव्हा खरं तर मुक्त ऊर्जेबद्दल बोलायला हवं होतं, अशा अर्थाची टीप त्याने जोडली. म्हणजे पुस्तकातला निम्मा जीव तळटिपेत गेला.

शेवटच्या प्रकरणात तो दोन्ही धागे जोडू बघतो. पण कोड वाचायला खर्च किती येतो, हा प्रश्न कुठेच विचारत नाही. उलट गुणसूत्रं म्हणजे कायद्याची पोथीही आणि अंमलदारही, इमारतीचा नकाशाही आणि गवंडीही, अशी उपमा तो देतो. इथे माझं त्याच्याशी भांडण आहे. रेपॉझिटरीत पडलेला कोड नुसता मजकूर असतो. तो चालवायला यंत्र लागतं, वीज लागते, आणि महिन्याच्या शेवटी कुणाला तरी बिल भरावं लागतं.

पेशीतलं हे बिल मोजता येतं. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला किमान चार फॉस्फेट बंधांची ऊर्जा जाते: दोन ते आम्ल योग्य टीआरएनएवर बसवायला, दोन रायबोसोममध्ये. तीनशे आम्लांचं मध्यम प्रथिन म्हणजे सुमारे बाराशे. यातली काही ऊर्जा निव्वळ मुद्रितशोधनावर खर्च होते. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांच्यात जेमतेम एका कार्बनचा फरक. चुकीचं आम्ल बसलं तर ते काढून टाकणारं एन्झाइम आहे, आणि त्याची प्रत्येक दुरुस्ती पेशीला पैसे मोजून करावी लागते. अचूक अर्थ फुकट मिळत नाही.

याहून गंमत पुढे आहे. एटीपी हे पेशीचं चलन, आणि आरएनएमधलं 'ए' हे अक्षर येतं तेही एटीपीतूनच. प्रत्येक अक्षर आपली ऊर्जा खिशात घेऊनच येतं आणि ओळीत बसताना ती खर्च करतं. अक्षर आणि नाणं एकच! सॉफ्टवेअरच्या उपमेत हे बसवायला जागाच नाही. आणि 'अक्षर' म्हणजे न झरणारं म्हणावं, तर जिवाणूतला एमआरएनए बहुधा काही मिनिटांत मोडीत निघतो.

श्रोडिंगरच्या वेळी हे सगळं माहीत नव्हतं, हे मान्य. पण फॉस्फेट बंधांतल्या ऊर्जेवरचा फ्रिट्झ लिपमनचा महत्त्वाचा लेख १९४१ सालीच आला होता. पुढेही पारडं कोडकडेच झुकलं. १९६१ साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी कोडचा पहिला शब्द वाचला आणि तो लगेच गाजला. त्याच वर्षी पीटर मिचेलने मांडलं, की पेशी पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते, धरणात पाणी साठवावं तसे, आणि त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी बनवते. त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. निरेनबर्गला नोबेल १९६८ साली मिळालं, हरगोविंद खोराना आणि हॉली यांच्यासोबत; मिचेलला १९७८ साली.

हा फक्त इतिहासातला हिशेब नाही. सायनाइडने मेलेल्या माणसाच्या डीएनएतलं एकही अक्षर विषाने खोडलेलं नसतं. पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही, ऊर्जा थांबते, आणि माणूस जातो. मजकूर तसाच राहतो. तरीही आपण मजकुरालाच जीवन म्हणतो. पूर्वी लग्न जुळवताना, जातीबद्दल बोलताना 'रक्तातच असतं' म्हणायचे. आता तेच 'डीएनएतच असतं' म्हणून वैज्ञानिक थाटात सांगितलं जातं. आधी लिहिलेलं पुढे मुकाट घडतं, हा त्यामागचा समज. पोथी आणि अंमलदार एक करून टाकणारी उपमा या समजाला बळ देते. प्रत्यक्षात पेशी क्षणोक्षणी ठरवत असते, की कुठलं पान उघडायचं, किती वेळा वाचायचं, आणि त्यासाठी शिल्लक किती आहे.

तरी हे पुस्तक वाचाच. एक भौतिकशास्त्रज्ञ आपल्या प्रांताबाहेर जाऊन इतक्या मोकळेपणाने विचार करतो, हे आजही दुर्मीळ आहे. फक्त सहावं प्रकरण आणि त्याची टीप आधी वाचा, मग कोडकडे वळा.