अपत्य प्रक्रियेची समाप्ती आणि परस्परसंवादी दोषशोधन : जीडीबीच्या मूळ धोरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

युनिक्स परंपरेतील संगणक प्रणालींवर एक प्रक्रिया ‘फोर्क’ या आवाहनाने दुसरी प्रक्रिया निर्माण करते. पहिलीस पालक व दुसरीस अपत्य प्रक्रिया म्हणतात. अपत्य संपले तरी त्याची नोंद लगेच पुसली जात नाही. पालकाने ‘वेट’ किंवा ‘वेटपिड’द्वारे समाप्तीची स्थिती स्वीकारेपर्यंत कर्नल ती राखून ठेवतो. न स्वीकारलेली अशी नोंद म्हणजेच ‘झोंबी’ प्रक्रिया. अशा नोंदी साचत गेल्यास शेवटी नवी प्रक्रिया निर्माण करणेच अशक्य होते. म्हणून समवर्ती आज्ञावलीत अपत्याची समाप्ती ही निर्मितीइतकीच महत्त्वाची घटना ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये प्रथम लिहिलेला जीडीबी हा दोषशोधक या घटनेला कोणते स्थान देतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ धोरण

लिनक्सवरील जीडीबी कोणतीही सूचना न दिल्यास फोर्कनंतर पालकाचाच मागोवा घेतो आणि अपत्यास मोकळे सोडतो. अपत्य संपल्यावर पालकाकडे येणारा ‘सिगचाइल्ड’ हा संकेत तो न थांबता व न दर्शविता पालकाकडे पोहोचवतो. या धोरणामागे तर्क आहे. अनेक आज्ञावल्या किरकोळ कामासाठी शेल चालवितात; अशा प्रत्येक अपत्यापाशी थांबल्यास काम पुढे सरकणार नाही. परंतु ही सोय करताना समाप्ती ही दखल घेण्याजोगी घटनाच नव्हे, असा समज अभ्यासकाच्या मनात नकळत रुजतो. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे.

थांबविलेला पालक

एक उदाहरण घेऊ. एका आज्ञावलीत तीन अपत्ये आहेत आणि ‘सिगचाइल्ड’ आल्यावर चालणाऱ्या कार्यात ‘वेट’चे आवाहन एकदाच केले आहे. एरवी अपत्ये वेगवेगळ्या वेळी संपतात, तीन संकेत येतात व तिन्ही नोंदी स्वीकारल्या जातात. आता पालक विरामबिंदूवर थांबविला आहे आणि त्या अवधीत मोकळी सुटलेली तिन्ही अपत्ये संपली आहेत. साधे संकेत रांगेत साठत नाहीत. प्रलंबित संकेताच्या जातीचा दुसरा संकेत आल्यास तो त्यातच विलीन होतो. पालक पुन्हा सुरू झाल्यावर त्यास एकच संकेत मिळतो, एकच नोंद स्वीकारली जाते आणि दोन झोंबी उरतात.

निरीक्षणाच्या कृतीमुळेच समवर्ती आज्ञावलीचे वर्तन बदलते, हे जेसन गेट यांनी १९८६ मध्ये मांडले होते. तथापि वरील उदाहरणात दोष दोषशोधकाने निर्माण केलेला नाही. तो आज्ञावलीत होताच. थांबविण्याने फक्त उघड झाला. ‘वेटपिड’ न थांबण्याच्या पर्यायासह, स्वीकारण्याजोगी नोंद उरेपर्यंत पुनःपुन्हा बोलाविणे हा त्यावरील योग्य उपाय होय. परंतु संकेत पडद्यावर दिसतच नसल्याने विद्यार्थी ‘जीडीबीमध्येच असे होते’ असा निष्कर्ष काढतो आणि सदोष आज्ञावली निर्दोष समजून सादर करतो.

पर्याय आणि त्याची मर्यादा

‘डिटॅच-ऑन-फोर्क’ हा पर्याय बंद केल्यास दोन्ही प्रक्रिया जीडीबीच्या ताब्यात राहतात. मात्र ‘शेड्यूल-मल्टिपल’ हा पर्यायही मुळात बंद असतो. त्यामुळे पालक चालू केला तरी अपत्य थांबलेलेच राहते. पालक ‘वेटपिड’मध्ये अपत्याच्या समाप्तीची वाट पाहतो आणि ते अपत्य जीडीबीने रोखून धरलेले असते. आज्ञावली गोठल्यासारखी दिसते. दोन पर्यायांपैकी एक बदलला असता दुसऱ्याचा परिणाम असा अनपेक्षितपणे समोर येतो, ही रचनेतील उणीव म्हणावी लागेल.

सत्र संपवितानाही हीच अडचण येते. जीडीबीतून सुरू केलेला पालक बाहेर पडताना मारला जातो, पण आधी मोकळी सोडलेली अपत्ये अनाथ होऊन चालू राहू शकतात. सर्व्हरच्या बाबतीत अशा अपत्याकडे ऐकणारे सॉकेट वारशाने आलेले असते. परिणामी पुढच्या वेळी ‘पत्ता वापरात आहे’ असा संदेश मिळतो आणि त्याचे कारण आज्ञावलीत शोधण्यात वेळ जातो.

निष्कर्ष

जीडीबी हे समर्थ साधन आहे, याविषयी दुमत नाही. ‘सिगचाइल्ड’ दर्शविण्याची, फोर्कपाशी थांबण्याची आणि सर्व प्रक्रिया एकत्र चालविण्याची सोय त्यात आहे. ती मागावी लागते एवढेच. दोषशोधकाने ज्या घटनाक्रमात हस्तक्षेप केला तो किमान दर्शवावा, ही अपेक्षा गैरवाजवी नाही. तोवर ही जबाबदारी अध्यापकावर येते. प्रात्यक्षिकात फोर्क शिकविताना समाप्तीही त्याच तासाला शिकवावी. अपत्य स्वतःहून संपले की संकेताने मारले गेले, हे स्थिती तपासून विद्यार्थ्याने नोंदवावे, आणि पालकास मुद्दाम थांबवून किती झोंबी उरतात ते मोजावे. केवळ अपेक्षित उत्तर छापणाऱ्या आज्ञावलीस पूर्ण गुण देणारे मूल्यमापन या विषयात अपुरे आहे.