‘जेसूप’चे पृथक्करण : एक परीक्षण

वेबपृष्ठाचा मजकूर जावा भाषेतील प्रोग्रामच्या हाती अनेकदा फाइलीच्या रूपाने नव्हे, तर स्मृतीत आधीच साठविलेल्या अक्षरमालिकेच्या, म्हणजे ‘स्ट्रिंग’च्या रूपाने येतो. ह्या सलग मालिकेतून शीर्षक, परिच्छेद, दुवे अशी रचना उभी करणे हे एका अर्थी वाक्यपृथक्करणच होय. त्यासाठी जोनाथन हेडली ह्यांनी रचलेली ‘जेसूप’ ही लायब्ररी सर्वत्र वापरली जाते. भाषेच्या अभ्यासकांनीही वेबवरील लेखन गोळा करण्याकरिता तिचा आश्रय घेतल्यामुळे तिच्या वाचनपद्धतीची चिकित्सा आवश्यक ठरते.

१९९८ मध्ये सिद्ध झालेल्या एक्सएमएलचा दंडक कठोर आहे. नियमभंग आढळताच वाचकाने नेहमीचे वाचन थांबवावे, असे तो सांगतो. एचटीएमएलची परंपरा ह्याच्या अगदी उलट आहे. तिच्या आजच्या नियमांनुसार कोणतीही अक्षरमालिका, ती कितीही सदोष असो, एका वृक्षात परिणत होतेच. ‘जेसूप’ ही दुसरी परंपरा निष्ठेने पाळते. ठळक अक्षरांचा टॅग उघडून त्यात तिरप्या अक्षरांचा टॅग उघडला आणि ठळकाचा टॅग आधी मिटविला, तर ती तिरप्या टॅगचे दोन भाग करून रचना सुसंगत करते. पृष्ठाचा सांगाडा नसल्यास तोही पुरविते. ‘पार्स’ हे संपूर्ण पृष्ठासाठी व ‘पार्सबॉडीफ्रॅगमेंट’ हे खंडासाठी, ही तिची योजना सुटसुटीत आहे, ह्यात शंका नाही.

परंतु ज्या व्याकरणात अशुद्ध असे काही उरतच नाही, ते व्याकरण लेखकाची मूळ रचना सांगते की स्वतःची, हा प्रश्न राहतोच. कोष्टकाच्या दोन ओळींमध्ये चुकून पडलेला शब्द नियमानुसार कोष्टकाच्या आधी जाऊन बसतो. येथे केवळ रचना नव्हे, शब्दक्रमही बदलतो. आणि अभ्यासकाला त्याचा मागमूस लागत नाही. दोषांची नोंद ठेवण्याची सोय लायब्ररीत आहे, पण ‘सेटट्रॅकएरर्स’ने मागितल्यावाचून ती मिळत नाही.

दुसरी मर्यादा स्मृतीतील मजकुराच्या स्वरूपातूनच उद्भवते. स्ट्रिंग तयार होते तेव्हा बाइटांचे वर्णांत रूपांतर होऊन गेलेले असते. पृष्ठाने आपली वर्णसंहिता आत जाहीर केली असली, तरी ह्या टप्प्यावर त्या घोषणेचा उपयोग नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो. ते बाइट आधीच चुकीच्या संहितेने वाचले गेले असतील, तर ‘जेसूप’ त्या विकृतीलाच मूळ पाठ समजते. तसेच मूळ पत्ता वेगळा दिला नाही व पृष्ठातही तो नसला, तर सापेक्ष दुव्याचा पूर्ण पत्ता विचारल्यावर रिकामी स्ट्रिंग परत येते.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अर्ध्या रफाराचे आहे. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास आणि ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, हा भेद अनेक पृष्ठांवर केवळ एका अदृश्य, शून्यरुंदीच्या जोडवर्णाने राखलेला असतो. ‘जेसूप’च्या पूर्वीच्या काही आवृत्तींत ‘टेक्स्ट’ ही क्रिया रिकाम्या जागा आवरताना हा वर्णही गाळीत असे. परिणामी स्वयंपाकी गुरुपदी चढे. पुढे हा दोष दूर झाला, हे श्रेय रचनाकारांना दिलेच पाहिजे. तथापि जुन्या आवृत्तीने जमविलेल्या शब्दसंग्रहांतून तो भेद आपोआप परत येणार नाही.

सारांश, ‘जेसूप’ हे उत्तम साधन आहे. परंतु तिने दिलेला वृक्ष हा पाठ नव्हे, पाठावरील भाष्य होय. म्हणून संशोधकाने मूळ बाइट जपावेत, मूळ पत्ता व लायब्ररीची आवृत्ती नोंदवावी, दोषांची यादी मागून घ्यावी आणि वर्णशः पाठ हवा असेल तेथे ‘टेक्स्ट’ऐवजी ‘होलटेक्स्ट’ वापरावे. एवढी दक्षता घेतली, तरच अशा संग्रहावर आधारलेली भाषाविषयक विधाने विश्वसनीय ठरतील.